अडचण क्रमांक सत्तेचाळीस

माझी वही सध्या माझ्याकडं नाही. ती वरच्या गल्लीत, महालिंगप्पाच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात आहे आणि गणपती बसेपर्यंत तिथंच राहणार आहे. वही मी लिहिली, सव्वीस वर्षं लिहिली, पण बघायची म्हटलं तर अर्ज करावा लागतो. अर्जाचा नमुनाही माझाच. त्यात मूळ लेखकासाठी वेगळी सोय ठेवायला मी विसरलो.

मी इथं अणदुरात एका हायस्कुलात एकतीस वर्षं लिपिक होतो. शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. मास्तर रिटायर झाला की गाव त्याला मरेपर्यंत गुरुजी म्हणतं, झेंडावंदनाला खुर्ची देतं, लग्नात फेटा बांधतं. लिपिक रिटायर झाला की त्याच्याकडं लोक जुना दाखला मागायला येतात आणि आता तो आपल्या हातात नाही म्हटल्यावर चहाही न घेता जातात. हे मी रागानं सांगत नाही. पण सांगतो.

वही म्हणजे शाळेतलं एक रद्द झालेलं लांबलचक मस्टर. त्यात मी सुटलेल्या अडचणी लिहून ठेवायचो. डाव्या पानावर अडचण आणि कारण, समोरच्या उजव्या पानावर उपाय, तारीख आणि शेरा. आपण एकदा सोडवलेली अडचण पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसू नये, एवढाच हेतू. बोअरची मोटर नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही: कंडेन्सर गेला. ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्हा उस्मानाबाद सापडत नाही: धाराशिव बघावं, धाराशिवही नसेल तर फॉर्म बंद करून चहा प्यावा आणि पुन्हा उस्मानाबाद बघावं. असल्या दोनशे तीस अडचणी. एकही रकाना रिकामा नाही. रिकामा रकाना मला सहन होत नाही, तो धंद्याचा दोष आहे.

ही वही माझ्या कपाटात सुखानं होती. मग महालिंगप्पाचा अंगठा उठेना.

महालिंगप्पाचं वरच्या गल्लीत किराणा दुकान आहे. सुविधा केंद्रात तीन चकरा मारून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "भाऊसाहेब, मशीन म्हनतंय ह्यो मानूसच न्हाय. साठ वर्षं झाली, आन् आता मी न्हाय." मी आत गेलो, वही काढली. क्रमांक दोनशे चार. कोमट पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकून बोटं दहा मिनिटं बुडवावीत, पुसून लगेच मशीनवर ठेवावीत. त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात उठला. त्यानं मला काही सांगितलं नाही, पण सबंध गावाला ग्लिसरीनचा उपाय सांगितला आणि तोही आपण शोधून काढल्यासारखा. ग्लिसरीन त्याच्याच दुकानात मिळतं. चार दिवसांनी कुणीतरी त्याला दुसरी अडचण विचारली, तेव्हा कुठं त्याला माझी वही आठवली.

मग लोक यायला लागले. सकाळी दूध तापायच्या आधी माणूस ओट्यावर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी टेबल बाहेर काढलं, आवक-जावक रजिस्टर केलं, कोण आलं, कुठली अडचण, किती वाजता. आमच्या सौभाग्यवती सत्यभामाबाई चहा करून करून थकल्या. "तुमच्या वहीचं पाणी मी किती उकळायचं?" असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, समाजकार्य आहे. ती आत गेली.

सल्ले तर विचारू नका. ज्याला स्वतःचा मोबाइल लॉक उघडता येत नाही त्यानं मला ॲप काढायला सांगितलं. कुणी म्हणालं लॅमिनेशन करा, कुणी म्हणालं फ्लेक्सवर छापून चौकात लावा. शेवटी मी तुळजापूरला जाऊन शेवटच्या तीसेक पानांची झेरॉक्स आणली आणि इथंच घात झाला. झेरॉक्सवाल्याकडं भाविकांची गर्दी होती. त्या घाईत त्यानं डावी पानं बरोबर लावली आणि उजवी एकेक घर मागं सरकवली. म्हणजे प्रत्येक अडचणीसमोर पुढच्या अडचणीचा उपाय.

आमच्या मागं राहणाऱ्या शिवकांताबाईंचा मिक्सर फिरत नव्हता. त्यांनी झेरॉक्स बघितली. कोमट पाणी, दोन थेंब ग्लिसरीन, दहा मिनिटं बुडवणे, पुसून मशीनवर ठेवणे. त्यांनी घमेल्यात पाणी घेऊन मिक्सर बुडवला. बाई इमानदार, घड्याळ लावून दहा मिनिटं. मोटर रिवाइंडिंगवाले दादामियाँ माझ्याकडं आले ते हसत नव्हते. म्हणाले, "भाऊसाब, पंचवीस साल मोटरी बांधायलोय. न्हाऊन आलेला मिक्सर पहिल्यांदा बघितला." दुसऱ्या एका म्हाताऱ्याचा अंगठा उठत नव्हता. त्याच्या वाट्याला वायरींचा उपाय आला, टोकं पॉलिशपेपरनं घासून साफ करावीत. त्यानं अंगठा घासला. ज्या काही रेघा राहिल्या होत्या त्याही गेल्या.

यावर लोकांनी वही टाकून द्यावी की नाही? नाही. लोक म्हणाले, झेरॉक्स खोटी, असल वही खरी. आणि असल एकच. वरची गल्ली म्हणाली, वहीचा शोध महालिंगप्पाच्या अंगठ्यामुळं लागला, ती आमच्याकडं पाहिजे. खालची गल्ली, म्हणजे आमची, म्हणाली, भाऊसाहेब आमचे. दोन दिवस बोलाचाली झाली. एकानं माझ्या ओट्यावर उभं राहून मलाच विचारलं, तुमचा काय संबंध?

आमचे ग्रामपंचायत सदस्य रणधीर यांनी तोड काढली. आता इथं बाहेरच्यांना सांगायला हवं की आमचा खंडोबा वर्षातले बरेच महिने अणदुरात आणि काही महिने नळदुर्गाला असतो. देव न्यायचा म्हटलं की दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, आणि मग देव हलतो. रणधीर म्हणाला, "भाऊसाहेब, देव करारावर जातोय. तुमची वही काय देवापेक्षा मोठी हाय का?"

शिवाय तो पुढं म्हणाला, "आन् करार तुमच्यासारखा कोन लिवनार?" तिथं मी संपलो. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

करार मी एका बैठकीत लिहिला. गणपतीपासून गुढीपाडव्यापर्यंत वही खालच्या गल्लीत, महिला बचत गटाच्या कपाटात. पाडव्यापासून गणपतीपर्यंत वरच्या गल्लीत. पान फाडू नये, चिकटवू नये, झाकू नये. एखादा उपाय चुकीचा किंवा अपुरा आढळल्यास आढळणाऱ्यानं त्याखाली स्वहस्ते दुरुस्ती लिहून पूर्ण नाव आणि तारीख घालावी. वही हलवताना मूळ लेखकास तपासणीसाठी एक तास मिळावा आणि त्यानं प्रत्येक दुरुस्तीसमोर मान्य अथवा, कारण देऊन, अमान्य लिहावं. वही बघणाऱ्यानं विहित नमुन्यात अर्ज करावा. बाँड पेपरवर दोन्ही गल्ल्यांच्या सह्या झाल्या. लिहून देणार खालची गल्ली, लिहून घेणार वरची गल्ली. माझं नाव खाली कोपऱ्यात, 'मसुदा तयार करणार' म्हणून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट अक्षर फार छान आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला न विचारता चार माणसांना जेवायला बोलावलं होतं. मी नेहमीप्रमाणं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "माझं चुकलं." आणि म्हणता म्हणता मला आठवलं. हे वाक्य वहीत आहे.

क्रमांक सत्तेचाळीस. ते पान मी कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं, कारण उपाय तोंडपाठ होता. अडचण: सौ. रुसणे, बोलणे बंद. कारण: शोधू नये, वेळ जातो. उपाय: चूक मान्य करावी, असो वा नसो. 'माझं चुकलं' एवढंच म्हणावं, स्पष्टीकरण देऊ नये. दुसऱ्या दिवशी तुळजापूरचा पाव किलो पेढा. शेरा: दोन दिवसांत हमखास गुण. त्याखाली चौदा तारखा, प्रत्येकीपुढं बरोबरची खूण.

आणि वही बचत गटाच्या कपाटात. त्या गटाची सचिव सत्यभामा.

मी तसाच चपला अडकवून इरम्माबाईंकडं गेलो. त्या गटाच्या अध्यक्ष, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मी म्हटलं, जरा वही बघायचीय. त्या म्हणाल्या, "बगा की. अर्ज द्या."

"अहो, वही माझी आहे."

"करारात नाव हाय का तुमचं?"

"मसुदा तयार करणार म्हणून आहे."

"मग मसुदा बगा."

बाई शाळेत गेली असती तर माझ्या खुर्चीवर बसली असती. मी अर्ज भरला. नाव, गल्ली, दिनांक, पाहण्याचं कारण. पुढं रकाना होता, पान क्रमांक. माणसानं तो सोडून द्यावा की नाही? माझा हात थांबला नाही. मी सुवाच्य अक्षरात अंकात आणि अक्षरात लिहिलं, सत्तेचाळीस. इरम्माबाईंनी अर्ज घेतला, घडी घातली, म्हणाल्या, "शुक्रवारच्या बैठकीत ठिवते. मंजूर झालं की कळवू."

शुक्रवारी बैठकीत आलेले अर्ज सचिव वाचून दाखवते. सत्यभामानं माझा अर्ज वाचला. बायका म्हणाल्या, सत्तेचाळीसमध्ये एवढं काय हाय? मग तिनं सत्तेचाळीस वाचलं. मोठ्यानं. सगळं, चौदा तारखांसकट. हे मला शिवकांताबाईंनी सांगितलं. मिक्सरचा राग त्यांनी त्या दिवशी फेडून घेतला.

ती घरी आली, पिशवी खुंटीला लावली, हात धुतले आणि विचारलं, "आता पेढे आणणार का?"

मी म्हटलं, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "सत्तेचाळीस."

आता माणसानं काय करावं? माझ्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. तीसेक वर्षांच्या संसारात मी एकच वाक्य वापरत आलो होतो आणि त्याला आता नंबर पडला होता. मी दुसऱ्या शब्दांत सांगून बघितलं, सत्तेचाळीस. गप्प बसून बघितलं, तर म्हणाली, "सत्तेचाळीसच्या आधी थोडा वेळ गप्प बसायचं, हेही लिहायला पाहिजे होतं." भांडी घासायला बसलो तर माझ्या हातातली घासणी काढून घेतली. भांडण नाही, आदळआपट नाही. भाकरी वेळेवर, गोळ्या वेळेवर. फक्त प्रत्येक माफीला नंबर.

गल्लीत तर हाहाकार झाला. बायका नवऱ्यांना सत्तेचाळीस म्हणायला लागल्या. नवऱ्यांनी काही कबूल करायला तोंड उघडलं की आतून आकडा. चार जणांनी मला रस्त्यात अडवून सांगितलं की आमचं बरं चाललं होतं. रणधीरनं सुचवलं की मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. महालिंगप्पा म्हणाला, पेढ्याचं दुकान बदलून बघा. एकट्या दादामियाँनी जरा विचार केला. दुकानात एक मोटर उघडून बसले होते, तीत बघतच म्हणाले, "भाऊसाब, एक सांगा. कारणाच्या जागी 'शोधू नये' असं लिवून कुणाची मोटर सुधारती का?"

मला त्याचा राग आला. मी तडक घरी आलो आणि दादामियाँकडं महिनाभर गेलो नाही.

पाडव्याला वही हलवायची वेळ आली. वरच्या गल्लीचे लोक दहाला येऊन ओट्यावर बसले. इरम्माबाईंनी कापडात गुंडाळलेली वही आणून आत माझ्यासमोर ठेवली आणि घड्याळ बघितलं. "एक तास," म्हणाल्या. सत्यभामानं सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, पण कप टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवला, वहीवर सांडायला नको म्हणून.

मी वही उघडली. पानापानांवर माझ्या अक्षराखाली दुसरं अक्षर. निळ्या पेनानं, बारीक, सरळ. करारात लिहिल्याप्रमाणं पूर्ण नाव आणि तारीख.

क्रमांक बारा, गॅसचा वास येतो. मी लिहिलं होतं, वॉशर बदललं. त्याखाली: "वॉशर मी बदललं. ह्यांनी खिडकी उघडली. सत्यभामा बलभीम नरवडे."

क्रमांक एकतीस, आमच्या लेकीच्या, निकिताच्या, जन्मदाखल्यावर नाव चुकलं, अर्ज देऊन दुरुस्त करून घेतलं. त्याखाली: "अर्ज ह्यांनी लिहिला. खेटे मी घातले, पाच. कडेवर पोर होती. सत्यभामा बलभीम नरवडे."

क्रमांक अठ्ठ्याण्णव, नळाला पाणी कमी येतं. मी लिहिलं होतं, आपोआप सुरळीत झालं. त्याखाली: "आपोआप नाही. मागच्या घरी जाऊन मी बोलले. सत्यभामा बलभीम नरवडे."

अशा तेवीस दुरुस्त्या. मी एकेक वाचत गेलो आणि मान्य लिहीत गेलो. पहिल्या दोन-तीन ठिकाणी हात अडला. नंतर अडला नाही, कारण एकही खोटी नव्हती आणि अमान्य लिहायचं म्हटलं तर करारानुसार कारण द्यावं लागतं. बाहेर महालिंगप्पा कुणाला तरी सांगत होता की भाऊसाहेब फार बारकाईनं तपासतात.

सत्तेचाळीस मी शेवटी उघडलं. तिथं चौदा तारखा होत्या. तेरांना तिनं हात लावला नव्हता. एकीसमोर, आठ जुलै दोन हजार चार, मी 'दोन दिवसांत गुण' असं लिहिलं होतं. त्याखाली निळ्या पेनानं: "मिटलं नव्हतं. मी बोलायला लागले, एवढंच. सत्यभामा बलभीम नरवडे."

ती तारीख मी विसरलो नव्हतो. विसरलो आहे असं समजून चाललो होतो. गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती. तिनं फॉर्म भरला, दाखले जोडले, फोटो चिकटवला, आणि तुळजापूरला ऑफिसात द्यायला माझ्याजवळ दिला, कारण कागदाचं काम मला कळतं. फॉर्म शाळेत माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. मुदत संपली. मी घरी येऊन सांगितलं की कामाच्या गडबडीत राहून गेला. मग ती बोलेना, मग मी म्हटलं माझं चुकलं, मग पेढे. दोन दिवसांत गुण.

एकतीस वर्षांत माझ्या ड्रॉवरमध्ये दुसरा एकही कागद राहून गेलेला नाही. ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. गडबड कसली, त्या आठवड्यात शाळेला पावसाची सुट्टी होती. भाऊसाहेबांची बायको पोरांना खिचडी वाढणार, लोक काय म्हणतील, घरी जेवणाचं कोण बघणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी ते स्वतःशीसुद्धा धड बोललो नाही. फॉर्म हजेरीच्या जुन्या कॅटलॉगाखाली सरकवला आणि ड्रॉवर लावून घेतला. आज तीच सेविका म्हणून रिटायर व्हायला आली असती. गावानं तिला बाई म्हटलं असतं.

तिच्या दुरुस्तीसमोर मला मान्य लिहायचं होतं. लिहिता येईना. त्या पानावरचा उपायच तो होता, चूक मान्य करावी. पंधरावी तारीख घालून बरोबरची खूण केल्यासारखं झालं असतं. बाहेर इरम्माबाई म्हणाल्या, "पाच मिनिटं ऱ्हायली."

मग मी डाव्या पानावर गेलो. कारण: शोधू नये, वेळ जातो. ते खोडलं. त्याखाली लिहिलं, "फॉर्म ड्रॉवरमध्ये राहिला." वाचलं. 'राहिला' खोडून 'मी ठेवला' केलं. मुद्दाम, हा शब्द वर बारीक अक्षरात घातला. पूर्ण नाव, तारीख. लिपिकाच्या वहीत इतकी खाडाखोड शोभत नाही, पण सुवाच्य लिहायला वेळ नव्हता. महालिंगप्पानं वही घेतली, डोक्याला लावली आणि मंडळी वरच्या गल्लीला गेली. सत्यभामानं कप उचलले. तिनं पान बघितलं नाही. करारानुसार ते आता तिला अर्ज न करता गणपतीतच बघता येणार होतं, तोपर्यंत वरची सबंध गल्ली बघणार होती.

मी तिला सांगायला हवं होतं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तोंड उघडलं की ती काय म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून परत फिरलो.

दिवस मावळता मावळता महालिंगप्पाचा फोन आला. मला ऐकू कमी येतं म्हणून माझा फोन स्पीकरवरच असतो आणि महालिंगप्पाला स्पीकर असो-नसो ओरडायची सवय आहे.

"भाऊसाहेब, सत्तेचाळीस बगायलो. कारन बदललंय तुमी. फॉर्म मी ठेवला मुद्दाम, आसं हाय. बरोबर वाचलं का?"

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला.

"बरोबर वाचलं," मी म्हटलं.

"मग उपाय त्योच ठिवायचा का? पेढा-बिढा? कारन बदललं तर उपाय बदलाया पायजे की. लोक इच्यारतील."

मी म्हटलं, "उपाय खोडा."

"आन् त्या जागी काय लिवू?"

"काही लिहू नका. रकाना रिकामा ठेवा."

महालिंगप्पा म्हणाला, "रिकामा? तुमच्या वहीत?" आणि फोन ठेवला.

भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. सत्यभामा बाहेर आली नाही. थोड्या वेळानं तिनं ताटं वाढली, दोन्ही, आणि समोर बसली. जेवताना तिनं आकडा म्हटला नाही. भाजीत मीठ कमी होतं, तेही कुणी बोललं नाही. मी जेवलो, माझं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि बाहेर येऊन बसलो. या वेळी मी तिला बोलतं करायला गेलो नाही.